सात घड्याळांची सात चाकं

अण्णा, त्या गुरुवारी अकराच्या सुमारास ऑफिसात फोन आला तेव्हा मी तुमच्यावर रागावलेली होते. रिसेप्शनवरची मुलगी "तुमच्या घराकडून आहे" एवढंच म्हणाली आणि मी मनात म्हटलं, आले वाटतं अण्णा वठणीवर. खुर्चीवरून उठता उठताच उत्तर जुळवायला लागले होते. लगेच मऊ व्हायचं नाही, आधी त्यांना बोलू द्यायचं, मग बघू. फोनवर बसप्पा होते. कारखान्यात सव्वीस वर्षं तुमच्या शेजारच्या लेथवर उभे राहिलेले आणि आता चिकपेटच्या बोळात घड्याळदुरुस्तीचं एवढंसं दुकान मांडून बसलेले तुमचे बसप्पा. ते म्हणाले, "शामण्णा गया, अम्मा." मी विचारलं, "कुठे गेले?" मराठीतच विचारलं. त्यांना मराठी येत नाही हेही माझ्या लक्षात राहिलं नाही.

तुम्ही त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसलात, पाणी मागितलंत आणि ग्लास हातात यायच्या आत मान टाकलीत. शेजारच्या कापडवाल्यांनी तुम्हाला उचलून ऑटोत घातलं. डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगून टाकलं. छप्पन्न वर्षांचा माणूस, ना विडी ना तंबाखू, रोज सकाळी लालबागेत चालून येणारा, आणि तो असा स्टुलावर बसल्या बसल्या जातो? मला हे अजून पटलेलं नाही. आज बारावा दिवस आहे, उद्या तेरावा, खाली अक्कांच्या बहिणी लाडू वळतायत, आणि मी वर माझ्या खोलीत बसून तुम्हाला लिहितेय. तुम्ही त्या दिवशी चिकपेटला का गेला होतात, ते मला काल संध्याकाळी कळलं. ते लिहायला अजून हात धजत नाही, म्हणून जरा लांबून सुरुवात करते.

काल सकाळी शेजारच्यांचा मिक्सर विचित्र आवाज करत होता. मी दात घासता घासता म्हटलं, पात्याखालचा बुश गेलाय, अण्णांना सांगायला हवं. तोंडात ब्रश तसाच राहिला. हे दिवसातून दहादा होतं. तुमच्या मरणाची बातमी मला रोज नव्याने कुणीतरी सांगतंय असं वाटतं, आणि दर वेळी मी तितकीच दचकते.

तीन वर्षांपूर्वी मी पुण्याहून दोन सुटकेसा घेऊन बंगलोरला, चामराजपेटात तुमच्या दारात उभी राहिले. वरची भाड्याची खोली माझी, खाली तुम्ही आणि अक्का, नवरा-बायको, आणि घराच्या पुढच्या भागात तुमचं वर्कशॉप. बंद पडत चाललेल्या कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती दिल्यावर तुम्ही एक जुना लेथ, एक ड्रिल आणि चाळीस-पन्नास कानशी घेऊन तिथे बसला होतात. किल्ली देताना तुम्ही तुमच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणालात, "वर काय बिघडलं तर सांग. पण आधी उघडून बघ. उघडून बघितल्याबिगर मला सांगू नको." मला वाटलं, काय खडूस घरमालक आहे. आमच्या पुण्याच्या घरी पंखा बंद पडला की माणूस बोलवायचा, एवढंच मला माहीत. पहिल्याच आठवड्यात इस्त्री गेली. मी ती हातात घेऊन खाली आले तर तुम्ही इस्त्रीकडे बघितलंच नाही, माझ्या हातात स्क्रू ड्रायव्हर दिलात. कंपनीत दिवसाला हजार ओळींचा प्रोग्रॅम लिहिणारी मी, इस्त्रीच्या पोटात एक पत्रा आणि एक तार असते हे सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा बघत होते. तुम्ही हसला नाहीत याचं मला तेव्हा फार बरं वाटलं होतं.

स्टीमपंक तुमच्या घरात आणलं मी. निखिल माझ्याबरोबर शिकलेला, कंपनीच्या कामाने अमेरिकेत गेला आणि तिथे या नादाला लागला. तो मला लांबलचक ई-मेल लिहायचा, मी त्या ऑफिसच्या प्रिंटरवर छापून आणायची आणि संध्याकाळी पायरीवर बसून तुम्हाला वाचून दाखवायची. दोन्ही बाजूंना भोकं असलेला तो लांब कागद अक्का नंतर डब्यांखाली घालायच्या. मी समजावलं होतं ते आठवतं का? वाफेच्या इंजिनाच्या काळात जगाने वेगळंच वळण घेतलं असतं तर, अशी कल्पना करणारे हे लोक. त्यांच्या जगात संगणक आहे, पण पितळेचा, दांडे-चाकांचा. विमान आहे, पण मोठ्या फुग्याला टांगलेलं. आधी गोष्टी लिहिल्या गेल्या, मग चित्रं आली, आता एखाददुसरा खरोखरच वस्तू बनवायला लागलाय. त्यांचं दुखणं असं की, आजची यंत्रं करडी, गुळगुळीत आणि मुकी झालीयत, आत काय चाललंय ते कुणाला कळू देत नाहीत. यंत्राने आपली हाडं दाखवावीत आणि त्यावर माणसाच्या हाताची खूण असावी. मी अगदी रंगात येऊन सांगत होते.

तुम्ही कॉफीचा लोटा खाली ठेवलात आणि विचारलंत, "त्या गोष्टीत कोळसा कोण टाकतो?"

मी हातातला कागद पुन्हा चाळला, त्यात कोळशाचं नाव नव्हतं. मग तुम्ही तुमच्या आजोबांचं सांगितलंत. हुबळीला रेल्वेच्या इंजिनावर फायरमन होते. उजव्या हाताची कातडी कोपरापासून मनगटापर्यंत कायमची काळी, आणि पन्नाशी गाठायच्या आत छाती गेली. "आज्जा घरी आला की आज्जी त्याला आधी अंगणात उभा करायची, आंघोळ घातल्याबिगर उंबऱ्यात घ्यायची नाही. वाफेचं कौतुक कोळसा न उचललेल्यांना, सरू." मी हा प्रश्न निखिलला कळवला, त्याने तो त्यांच्या मंडळींपुढे टाकला, आणि चार दिवसांनी तिकडून उत्तर आलं की आमच्या जगात कोळसा टाकायला पितळी यंत्रमानव असतात. तुम्ही इतके हसलात की अक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "म्हणजे आमचा आज्जा खुशीत घरी बसला असता! बरं झालं की!" पुढे महिनाभर काही जड उचलायचं असलं की तुम्ही मला म्हणायचात, बोलाव तुझ्या पितळी माणसाला.

गंमत म्हणजे मी पुण्याची, संगणकवाली, आणि वाफेच्या प्रेमात मी पडले होते. तुम्ही उभा जन्म लोखंडात काढलात आणि तुम्हाला त्या काळाचं काडीचं अप्रूप नव्हतं. "मला वाफ नको, मला स्क्रू पाहिजे," म्हणायचात. "जे उघडता येत नाही ते आपलं नव्हे. घरात ठेवून घेतलं एवढंच." त्या लोकांचं एक मात्र तुम्हाला मनापासून पटलं होतं. यंत्र करणाऱ्याला आतली बाजू दाखवायची लाज वाटता कामा नये, हे. ते तुम्ही मला दोनदा वाचायला लावलंत.

आणि मग एक दिवस तुम्ही माझ्यावरच उलटलात. "तू कंपनीत जे लिहितीस, ते लोकांना उघडता येतं काय?"

"नाही. आम्ही बंद करूनच देतो. आतला प्रोग्रॅम आमच्याकडेच राहतो."

"बिघडलं तर?"

"आम्हालाच बोलवायचं."

"मग ते त्यांचं कसं?"

मी खूप बोलले त्या दिवशी. सगळ्यांनी सगळं उघडायचं म्हटलं तर कुणाचंच काम होणार नाही, बंद डबा स्वस्त पडतो म्हणून तर तो लाखो घरांत पोचतो, तुमचं उघडं यंत्र चारच शौकिनांचं. तुम्ही ऐकून घेतलंत. "खरं आहे," म्हणालात. "पण त्यांचं कसं, ते सांगितलं नाहीस." हा वाद आपण तीन वर्षं चालवला, अण्णा. माझ्याकडे अजून उत्तर नाही. ते सापडेपर्यंत तुम्ही असालच, असं मी धरून चालले होते.

तुमची दसऱ्यातली आयुधपूजा कुणाला सांगितली तर खरी वाटणार नाही. सगळं बंगलोर त्या दिवशी गाड्या धुतं, चाकाखाली लिंबू चिरडतं, रस्त्यावर कोहळे फोडतं. तुम्ही आदल्या दिवसापासून वर्कशॉपातल्या प्रत्येक यंत्राची झाकणं काढून ठेवायचात. बंद यंत्राची पूजा तुमच्याकडे चालत नसे, देवाला आत दिसलं पाहिजे. ऑफिसने मोडीत काढलेला एक संगणक मी घरी आणला होता, तोही तुम्ही खाली मागवलात, पत्रा उघडलात आणि गंध, कुंकू, अक्षता, शेवंतीचं फूल, सगळं आत यथासांग वाहिलंत. मी बघत उभी होते. मीच संगणकवाली, मी बोलायला हवं होतं, पण पूजेत मध्ये बोलू नये म्हणून गप्प बसले. आरती झाली, तुम्ही म्हणालात, चालू कर. आतल्या पंख्याने सगळं कुंकू ओढून घेतलं, एकदा फट् आवाज झाला आणि धूर आला. अक्का म्हणाल्या, "झालं? आता देवाला पण सोवळं शिकवायला लागणार काय?" नंतरचे दोन दिवस तुम्ही रंगाच्या बारीक ब्रशने त्या हिरव्या पाटीवरचा कण न् कण साफ करत होतात आणि मी शेजारी बसून कुठला भाग काय करतो ते सांगत होते. पहिल्यांदाच मी सांगत होते आणि तुम्ही ऐकत होतात. जळलेला एक भाग बदलल्यावर तो चालू झाला तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता झाकण लावू नको की."

तिथून पेटी सुरू झाली. सागवानाची पेटी, पुढे काच, काचेमागे सगळं उघडं. चिकपेटमधून तुम्ही एक मोडका टाइपरायटर आणलात आणि त्याची गोल बटणं एकेक करून संगणकाच्या कळफलकावर बसवलीत. अगदी वरच्या रांगेतली एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह ही बारा बटणं टाइपरायटरला नसतात. ती तुम्ही पितळेच्या दांडीतून स्वतः कापलीत, आणि आकडे कोरताना सात उलटा कोरलात, मग तो तसाच ठेवलात. घड्याळाची चावी फिरवली की संगणक चालू व्हायचा. उजवीकडे एक जुना मीटर लावला होतात, आतली डिस्क कामाला लागली की त्याचा काटा उडायचा. तुम्ही मला हाक मारून दाखवायचात, "बघ, बघ, विचार करतोय." त्या पेटीवर एक गोष्ट अशी नव्हती की जी काहीतरी करत नव्हती. हे मला तेव्हा कळत होतं, अण्णा. म्हणजे मी जे केलं ते अज्ञानाने केलं असं म्हणायची सोय नाही.

फेब्रुवारीत तुम्ही आणि अक्का पुतणीच्या लग्नाला आठ दिवस बेळगावला गेलात. निखिलने तिकडे स्टीमपंकची वेब साइट काढली होती, त्याला पेटीचा फोटो हवा होता. मी पाठवला. त्याचं उत्तर आलं: छान आहे, पण चाकं कुठायत? चाकांशिवाय लोकांना कळणार कसं? मला ते झोंबलं. हो, झोंबलं. जगभरचे लोक बघणार आणि आपली पेटी त्यांना साधी वाटणार. दुसऱ्या दिवशी मी मोडीच्या बाजारात गेले, जुन्या भिंतीवरच्या घड्याळांच्या ढिगातून सात पितळी चाकं निवडली, लहान-मोठी, दिसायला झकास, आणि दोन ट्यूबा एकत्र करून लावायचा तो पक्का गोंद आणून ती पुढच्या काचेवर चिकटवली. जिथून आतलं दिसायचं, नेमक्या तिथेच. फोटो काढला आणि पाठवून दिला. खाली नाव तुमचं घातलं, बनवणारे शामण्णा, बंगलोर. मला वाटलं मी तुम्हाला भेट देतेय.

तुम्ही परत आलात, पिशवी खाली ठेवलीत, चष्मा पुसून पेटीसमोर वाकलात. सगळ्यात मोठ्या चाकावर बोट ठेवलंत.

"हे काय करतं, सरू?"

"काही करत नाही. छान दिसतं की नाही?"

तुम्ही दुसऱ्यावर बोट ठेवलंत. "हे?"

"अण्णा, शोभेची आहेत ती."

"सरी," म्हणालात, कानडीत बरं म्हणावं तसं, आणि पाय धुवायला मागे गेलात.

रागावला असतात तर बरं झालं असतं. बडा घर पोकळ वासा, असं काहीतरी ऐकवलं असतंत तर मीही तोंड वाजवलं असतं आणि विषय संपला असता. पूर्वीसारखी कॉफी, पूर्वीसारखं "जेवलीस काय", पण पेटीचं नाव नाही. इकडे रोज मला अनोळखी लोकांच्या ई-मेल येत होत्या. कुठल्या कुठल्या देशांतून. शामण्णा कोण आहेत, चाकांची रचना अप्रतिम, अशी चाकं कशी जुळवली? कौतुक सगळं चाकांचं. बटणांबद्दल एकाने लिहिलं, काट्याबद्दल कुणीच नाही. मी त्यातली एकही तुम्हाला छापून आणून दाखवली नाही. तुमच्या नावाखाली तुम्हाला सगळ्यात न आवडणारी गोष्ट जगभर दाखवली जात होती, आणि तुम्हाला त्याचा पत्ता नव्हता. मन खात होतं. आणि मला खाणाऱ्या मनाचा राग तुमच्यावर निघत होता.

त्या गुरुवारच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी तुम्ही जिना चढून वर आलात. तीन वर्षांत तुम्ही कधी वर आला नव्हता. मुलगी एकटी राहते, वर जायचं नाही, हा तुमचा नेम. दारातच उभे राहिलात, हात पंच्याला पुसत. "सरू, त्या चाकांबद्दल स्वल्प बोलायचं होतं."

मी तुम्हाला पुढे बोलूच दिलं नाही. पंधरा दिवस तुंबलेलं सगळं बाहेर आलं. काय काय म्हणाले ते इथे लिहिते, कारण आता ते ऐकलेलं दुसरं कुणी नाही. म्हणाले, तुमचा कारखाना बंद पडला त्यात माझा दोष नाही. म्हणाले, जगाला आता आत बघायचं नाहीये अण्णा, बाहेरून बरं दिसलं की पुरतं, आणि तुम्ही एका खोलीत बसून सगळ्यांना नापास करत बसा. आणि म्हणाले, तुमच्यासारख्यांची आता कुणाला गरज उरलेली नाही. हे शेवटचं मी मोठ्याने म्हणाले. तुम्ही "सरी, सरी" म्हणालात, म्हणजे मला शांत करायला म्हणतात तसं, आणि कठड्याला धरून हळू उतरून गेलात. मंगळवारी आपण बोललो नाही. बुधवारी बोललो नाही. गुरुवारी सकाळी मी बस पकडायला निघाले तेव्हा वर्कशॉपात कानस चालल्याचा आवाज येत होता, आणि मी मुद्दाम मान न वळवता फाटकाबाहेर पडले.

एवढंच. यापुढे तुमच्याबरोबरचं काही नाही. मी पुन्हा पुन्हा आठवून बघते, मध्ये काही राहिलंय का, जाता जाता टाकलेला एखादा शब्द, पण नाही.

काल तुमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये शोकसभा झाली. चिटणिसांनी पेटी स्टेजवर मांडून तिला हार घातला होता. तुमच्या फोटोला लहान, पेटीला मोठा. ते माइकवर म्हणाले, या चाकांवर चालणारा संगणक आपल्या शामण्णांनी बनवला आणि परदेशी लोकांनी तोंडात बोटं घातली. टाळ्या वाजल्या, शोकसभेत. मग म्हणाले, सरोजताई त्याची माहिती सांगतील. मी काय बोलायचं ते कागदावर लिहून आणलं होतं, तुमचा स्वभाव, तुमचा हात, सगळं. कागद उघडला आणि दिसेचना काही. मी म्हणाले, "ही चाकं काहीही करत नाहीत. ती अण्णांनी लावलेली नाहीत. मी लावली, त्यांच्या पाठीमागे, फोटोसाठी. त्यांनी बनवलेलं सगळं या चाकांच्या मागे आहे आणि माझ्यामुळे ते कुणाला दिसत नाही." मागून कुणी बाई हळूच म्हणाल्या, "हे आत्ता कशाला?" चिटणीस माइकची उंची नीट करायला लागले. पहिल्या रांगेत बसप्पा होते, त्यांना काय कळलं कुणास ठाऊक, पण ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांनी मान खाली घातली. निखिललाही मी लिहिलंय, फोटो काढून टाक, आणि का काढला तेही तिथे लिही.

मला वाटलं होतं, खरं सांगून टाकलं की हलकं वाटेल. घरी आलो तर अक्का म्हणाल्या, आत ये. देवघराच्या कपाटातून त्यांनी इस्पितळातून मिळालेली पिशवी काढली. तुमचा चष्मा, बसचा पास, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. अक्कांनीच पुडी सोडली. आत पितळेचं जोडचाक होतं, एकाच आसावर दोन चाकं, एकाचे दाते मोठे, एकाचे बारीक. नवंकोरं, आत्ताच कापलेलं.

"हे आणायला गेले होते बसप्पाकडं," अक्का म्हणाल्या. "तुझी ती सात चाकं सात घड्याळांची की ग. एकाचे दाते दुसऱ्यात बसेनात. बेळगावाहून आल्यापासून हेच. जेवताना पण ताटात बोटानं गोल काढत बसायचे. आत गरम झालं की ही चाकं फिरून मागची झडप उघडणार म्हणे, काय की. मध्ये हे एक घातलं की सगळी फिरतात, म्हणाले. बसप्पानं ते कापून दिलं, ह्यांनी हातात घेऊन बघितलं, पुडीत बांधलं, आणि मग पाणी मागितलं."

मी म्हटलं, "अक्का, पण त्यांना आवडलीच नव्हती ती. काढून का नाही टाकली? त्यांचीच पेटी होती."

"तू लावलीस नव्हं? मग ते तुझं काम. दुसऱ्याच्या कामाला विचारल्याबिगर हात लावायचा नाही, कारखान्यातली सवय ह्यांची. माझ्या शिलाईच्या मशीनला पण विचारून तेल घालायचे." अक्का माझ्याकडे बघत होत्या, अगदी साधेपणाने. "सोमवारी वर आले होते की तुला विचारायला. काय म्हणालीस तू? खाली येऊन काही सांगितलंच नाही ह्यांनी. नुसतं म्हणाले, पोरगी दमलीय, दोन दिवसांनी विचारतो."

तुम्ही माझ्या खोट्या चाकांना काम शोधून दिलं होतंत, अण्णा, आणि ती हलवायची परवानगी मागायला माझ्या दारात उभे होतात. तुमच्या पेटीवर गोंद लावताना मी तुम्हाला विचारलं नव्हतं.